व्हिडिओत हाड नव्हतं

दात सरळ करून देणाऱ्या एका कंपनीने कॉम्प्युटरवर बनवून पाठवलेला तो व्हिडिओ जेमतेम वीस-बावीस सेकंदांचा होता. माझेच खालचे दात, एकमेकांवर चढून बसलेले, गुलाबी हिरडीत हळूहळू सरकत रांगेत येत होते. एसटीच्या बाकावर कंडक्टरने "जरा सरकून घ्या" म्हटल्यावर माणसं सरकतात तसे. मी तो बहिणीला पाठवला, लेकीला पाठवला, बँकेत शेजारच्या काउंटरवरच्या मैत्रिणीला दाखवला. सगळ्यांनी 'वा' केलं. गेली बारा वर्षं माझे दात साफ करून देणाऱ्या साताऱ्यातल्या आमच्या डेंटिस्ट मॅडमनी मात्र तो दोनदा पाहिला, फोन परत दिला आणि विचारलं, "छान आहे. पण ह्यात हाड कुठाय?"

मला प्रश्नच कळला नाही. दात सरळ करायचे होते, हाडाचा काय संबंध?

माझे खालचे पुढचे दात पस्तिशीनंतर चढायला लागले. कॉलेजच्या फोटोत ते बरे आहेत. वय वाढतं तशी खालच्या पुढच्या दातांची दाटी वाढत जाते, अक्कलदाढ असो वा नसो, हे मला नंतर कळलं. तोवर मी बिचाऱ्या अक्कलदाढेला शिव्या घालत होते. दिसण्यापेक्षा त्रास वेगळाच होता. चढलेल्या दोन दातांच्या मागे शेंगदाण्याचं कूट जाऊन बसायचं, तिथे ब्रश पोचायचा नाही आणि सकाळी बेसिनमध्ये थुंकी गुलाबी पडायची. लेकीला नववीत तारा लावल्या होत्या, त्यामुळे डॉक्टर, खर्च, फेऱ्या हे सगळं पाहिलेलं होतं. पण त्रेचाळिसाव्या वर्षी काउंटरवर तारा लावून बसायची माझी तयारी नव्हती. म्हणून प्लास्टिकचे, न दिसणारे अलायनर, म्हणजे दातांवर घालायचे आणि एकामागून एक बदलत जायचे पारदर्शक साचे, ट्रे.

पुण्यात नणंदेकडे गेले होते तेव्हा एका मॉलमध्ये त्यांचं सेंटर दिसलं. नाव लिहीत नाही. एका मुलीने तोंडात छोटा कॅमेरा फिरवून दहा मिनिटांत स्कॅन केला. एक्स-रे काढला नाही. हिरडीला कुणी हातही लावला नाही. संध्याकाळी व्हिडिओ आला आणि पाठोपाठ आकडा: अडुसष्ट हजार, सात महिने, दर आठवड्याला नवा ट्रे, बिनव्याजी हप्ते, बुकिंगचे पाच हजार आत्ता. मी बँकेत काम करते. सही करण्याआधी कागद वाचा, असं दिवसातून दहा वेळा लोकांना सांगते. आणि तिथे मी एकही पान न वाचता मुकाट्याने ओटीपी टाकला. ते पाच हजार काही परत आले नाहीत.

मॅडमनी हाडाचं सांगायला माझ्या आईपासून सुरुवात केली. "आईंची कवळी आठवते ना? किती वेळा बदलली?"

आईचं माहेर माण तालुक्यातलं. तिच्या पिढीत तिकडे बायांनी सकाळी मिश्री लावणं म्हणजे चहा पिण्याइतकी साधी गोष्ट. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि बोटाने हिरड्यांना चोळत अंगणात बसायचं. आईने ती चाळीसेक वर्षं चोळली. तिचे दात किडले नाहीत. ते हलायला लागले आणि एकेक करून हातात आले. साठी यायच्या आत तोंड मोकळं. पहिली कवळी छान घट्ट बसली. तीन-चार वर्षांत खालची तरंगायला लागली, बोलताना टकटक वाजायची. आतून अस्तर भरून घेतलं. पुन्हा सैल झाली. मग नवी केली. आई त्या डॉक्टरला नावं ठेवायची, पण कवळी होती तशीच होती, खालचा जबडाच झिजून सपाट होत चालला होता.

मॅडम म्हणाल्या, जबड्याच्या हाडाचा वरचा जो भाग दातांना धरून असतो, तो दातांसाठीच असतो. दात येतो तसा तो घडतो, दात गेला की शरीर ते हाड हळूहळू काढून घेतं. दात हिरडीत उभा असतो असं आपल्याला वाटतं. हिरडी म्हणजे वरची चादर. पकड हाडाची. आणि तुमचं हाड किती आहे हे पाहिल्याशिवाय कुणी दात हलवायला निघालं असेल तर आधी मला बघू द्या.

त्यांनी मला हिरड्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तिथली तपासणी मला आवडली, कारण ती आकड्यांची होती. मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट, बारीक सळई दात आणि हिरडीच्या मधल्या फटीत घालायची आणि ती किती आत जाते ते मोजायचं. एका दाताला सहा जागा. डॉक्टर आकडे बोलत होते आणि सहायक मुलगी लिहीत होती. "तीन, दोन, तीन. तीन, दोन, चार." रोखपाल नोटा मोजतो त्या लयीत. तीनपर्यंत ठीक, हे मला आधी सांगितलं होतं, म्हणून मीही मनात हिशेब ठेवत होते. मागच्या दाढांकडे "पाच" ऐकू आलं. मग आणखी एक पाच. "रक्त," असंही अधूनमधून.

मोठ्या एक्स-रेमध्ये त्यांनी बोट ठेवून दाखवलं. निरोगी तोंडात हाडाची कड दाताच्या मानेपासून, म्हणजे वरचा भाग आणि मूळ जुळतात तिथून, एक-दोन मिलिमीटर खाली असते. माझी दाढांच्या मध्ये दोन-तीन ठिकाणी त्याहून चांगली खाली गेलेली. आपल्याकडे ज्याला सरसकट पायरिया म्हणतात, त्याची सुरुवात. "सूज असलेल्या हिरडीत दात हलवायला घेतले तर हाड आणखी वेगाने जाईल," ते म्हणाले. "आधी आग विझवू, मग सामान हलवू."

दोन वेळा बधिर करून हिरडीच्या आतपर्यंत साफसफाई झाली. दातांच्या फटींत घालायचे बाटली धुवायच्या ब्रशचे छोटे भाऊबंद मिळाले. साखर तपासायला लावली, कारण मधुमेह ताब्यात नसला तर हिरडीही ताब्यात राहत नाही. आणि एक प्रश्न विचारला, ज्याचं मला नवल वाटलं: हाडं ठिसूळ होऊ नयेत म्हणून कुठली गोळी घेता का? आमच्या सासूबाई घेतात, आठवड्यातून एकदा, उपाशीपोटी, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही ती. मी घेत नाही म्हटल्यावर त्यांनी पुढचं सांगितलं. ती गोळी हाड पोखरणाऱ्या पेशींना आवरते, आणि दात सरकायला नेमक्या त्याच पेशी लागतात. शिवाय अशा माणसाचा दात काढायचा झाला तर वेगळी काळजी घ्यावी लागते.

तीन महिने थांबले. त्या तीन महिन्यांत मॉलवाल्यांचे अकरा फोन आले. तीन महिन्यांनी पुन्हा सळई, पुन्हा आकडे. पाचाचे तीन झाले होते, एक चार उरला होता. तेव्हा कुठे मी दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांसमोर जाऊन बसले. वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे. पहिल्याच वाक्यात मला "काकू" म्हणाले. दातांसाठी आलेल्या बाईला हे जरा लागतंच, पण माणूस कामाचा निघाला.

त्यांनी सीबीसीटी काढायला सांगितलं. म्हणजे दातांचा त्रिमितीतला एक्स-रे. इमेजिंग सेंटरमध्ये हनुवटी टेकवून, एक प्लास्टिकची कांडी दातांत धरून उभं राहायचं, आणि मशीनचा हात डोक्याभोवती एक फेरी मारतो. पंधरा-वीस सेकंद. ऊठसूट काढायची ही गोष्ट नाही, साध्या एक्स-रेपेक्षा किरण जास्त लागतात. पण खालच्या पुढच्या दातांबद्दल डॉक्टरांना शंका होती, आणि साध्या चित्रात हाडाची पुढची आणि मागची बाजू एकमेकांवर चढून दिसते, वेगळी कळत नाही.

त्या चकत्या मी त्यांच्या स्क्रीनवर पाहिल्या. पाव उभा कापून कडेने बघावा तसा एकेक दात कडेने दिसत होता. दाताची पांढरी सुळकी, तिच्या मागे राखाडी, जाळीदार हाड. पुढच्या बाजूला, ओठाकडे, मी हाड शोधत राहिले. "ही रेघ दिसते का?" डॉक्टर म्हणाले. कांद्याच्या पापुद्र्यासारखी एक रेघ दिसत होती. तेच हाड. डावीकडच्या एका दातावर तर मानेपासून चार-साडेचार मिलिमीटर खालपर्यंत रेघही नव्हती.

माझा चेहरा बघून ते म्हणाले, "घाबरू नका काकू. खालच्या पुढच्या दातांपुढचं हाड बऱ्याच जणांचं असंच पातळ असतं, एक मिलिमीटरच्या आतलं. आणि मशीन छोट्या छोट्या चौकोनी ठोकळ्यांनी चित्र काढतं. त्या ठोकळ्यापेक्षा पातळ हाड असलं तरी ते दाखवत नाही. नसलेलं आणि न दिसणारं, दोन्ही इथे सारखंच दिसतं. पण मी ते नाही असंच धरून चालणार."

मग त्यांनी माझ्याच फोनवरचा तो बावीस सेकंदांचा व्हिडिओ शेजारी लावला. आता मला तो वेगळा दिसायला लागला. साडेतीन मिलिमीटरची दाटी होती, आणि ती सोडवायला त्या योजनेत खालचे पुढचे चारही दात पंख्याच्या काड्यांसारखे पुढे फाकवले होते. पुढे, म्हणजे त्या पापुद्र्याच्या पलीकडे. स्कॅनरला दिसतो तो दाताचा वरचा भाग आणि हिरडीचा पृष्ठभाग. मुळं कॉम्प्युटर अंदाजाने काढतो, आणि सीबीसीटी जोडल्याशिवाय त्या चित्रात हाड नसतंच. स्क्रीनवर दात कुठेही नेता येतो, अडवणारं कुणी नाही. तोंडात तो हाडाबाहेर गेला की वरची पातळ हिरडी कधी ना कधी खाली उतरते आणि मूळ उघडं पडतं. लगेच नाही, तेव्हा तर सगळे फोटो काढत असतात. दोन-चार वर्षांनी.

"मग तारा बऱ्या का?" मी विचारलं. लेकीच्या तारा आठवून विचारलं. ते म्हणाले, हाडातल्या पेशीला तार कळत नाही आणि प्लास्टिक कळत नाही. तिला जोर कळतो, दिशा कळते आणि किती वेळ तेही कळतं. अलायनरचा फायदा, तो काढून नीट घासता येतं, म्हणून हिरड्या कमी सुजतात. तोटा, प्लास्टिक दाताला डोक्याकडून धरतं, त्यामुळे दात उभाच्या उभा सरकण्याऐवजी कलतो. डोकं एकीकडे जातं, मूळ मागे राहतं किंवा उलट दिशेने बाहेर ढुंगण काढतं. (शब्द त्यांचाच आहे, मी नुसता टिपला.) म्हणून दातांवर ते साबुदाण्याएवढे, दाताच्या रंगाचे ठिपके चिकटवतात. अटॅचमेंट. प्लास्टिकला पकड मिळावी आणि मुळाला थोडं तरी वळवता यावं, यासाठी.

योजना त्यांनी लॅबकडे तीनदा परत पाठवली. पुढे फाकवणं रद्द. त्याऐवजी सुळ्यापासून सुळ्यापर्यंत आणि सुळ्यांच्या मागच्या बाजूला, अशा सात फटींत प्रत्येकी ०.३ मिलिमीटर घासायचं. सात त्रिक एकवीस, म्हणजे २.१ मिलिमीटर जागा. थोडी जागा आत कललेल्या बाजूच्या दाढा सरळ करून. उरलेलं सोडून द्यायचं. एक दात किंचित तिरका राहील, चालेल का, असं त्यांनी मला सरळ विचारलं. आणि ट्रे आठवड्याला नाही, चौदा दिवसांनी बदलायचा. सातऐवजी बारा महिने, शिवाय शेवटची डागडुजी. खर्च दुप्पट. नवरा म्हणाला, जास्त पैसे देऊन कमी सरळ दात, हा कुठला व्यवहार? मी त्याला ती रेघ दाखवली. मग काही बोलला नाही.

दातांमध्ये घासणं ऐकायला भयंकर आहे, प्रत्यक्षात नखं घासल्यासारखं. आवाज मात्र थेट कवटीत.

पहिला ट्रे नोव्हेंबरमध्ये घातला. पहिल्या रात्री वाटलं, कुणीतरी प्रत्येक दाताला स्वतंत्र चिमटा काढतंय. सकाळी पोळी चावता येईना, दूध-पोळी कुस्करून खाल्ली. दोन दिवसांत ते ओसरलं, आणि दर चौदा दिवसांनी पहिले दोन दिवस पुन्हा तेच.

त्या दुखण्यात काय चाललेलं असतं हे मी रात्री झोप येत नसे तेव्हा वाचून काढलं. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. त्याच्या आणि हाडाच्या मध्ये साधारण पाव मिलिमीटरचा तंतूंचा पडदा असतो, दात त्यात झोळीत टांगल्यासारखा असतो. ट्रेने दात एका बाजूला रेटला की त्या बाजूचा पडदा चेपतो, रक्त मंदावतं, आणि हाड पोखरणाऱ्या पेशी तिथे गोळा होतात. दुसऱ्या बाजूला तंतू ताणले जातात आणि तिथे हाड बांधणाऱ्या पेशी कामाला लागतात. पुढे पाडापाडी, मागे बांधकाम, आणि दात मध्ये चालतोय. स्वीडनमधल्या कार्ल सँडस्टेड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कुत्र्यांचे दात हलवून हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं. जोर जास्त झाला तर काय होतं तेही त्यांना दिसलं होतं. पडदा इतका चेपतो की तिथलं रक्तच थांबतं, ती जागा मरून काचेसारखी होते, आणि पोखरणाऱ्या पेशींना मागच्या बाजूने, हाडाच्या आतून, भुयार खणत यावं लागतं. तोवर दात जागचा हलत नाही. दुखतं मात्र जास्त. म्हणजे घाई केली की उशीर.

पाडापाडीला आठवडे लागतात, बांधकाम पक्कं व्हायला महिने. आमच्या कॉलनीत रस्ता खणून ठेवल्यावर काय होतं ते बघणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको.

प्लास्टिकने दात हलवायची कल्पनाही नवी नाही. १९४५ मध्ये अमेरिकेत हॅरल्ड केसलिंग या दंतवैद्याने उपचाराच्या शेवटी दात थोडे हलवायला रबराचा साचा केला होता. पारदर्शक ट्रेंची मालिका कॉम्प्युटरवर आखून विकणारी कंपनी १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात निघाली. मधल्या पन्नास वर्षांत दात हलवायची साधनं बदलली. हाडाचा वेग तोच आहे.

ट्रेचे बावीस तास. उरलेल्या दोन तासांत दोन जेवणं, नाश्ता, चहा आणि प्रत्येकानंतर ब्रश. बँकेत आमचा चहा पाच वेळा येतो. ट्रे घालून चहा प्यायला तर प्लास्टिक वाकतं, हळदीसारखं पिवळं पडतं, आणि साखरेचा थर ट्रेच्या आत दाताला चिकटून बसतो, तिथे लाळही पोचत नाही. पाचाचे दोन चहा झाले. ऑफिसच्या बेसिनपाशी दुपारी ब्रश करताना मॅनेजरसाहेब भेटायचे, दोघंही दुसरीकडे बघायचो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्यांनी तिळगूळ हातावर ठेवला आणि मी तो पर्समध्ये टाकला. "संक्रांतीच्या शुभेच्छा" म्हणताना स चा श झाला.

पाचव्या महिन्यात घाबरले. खालचा डावीकडचा, तो रेघ नसलेलाच दात, जिभेने ढकलला की हलायचा. कल्पना नव्हे, खरंच हलायचा. रात्री अंधारात पडून मी जिभेने तो ढकलून बघत होते आणि आईचे दात कसे गेले ते आठवत होते. तीही असंच सांगायची, आधी जिभेला कळतं. सकाळी नऊ वाजता क्लिनिकच्या पायरीवर हजर.

डॉक्टरांनी दोन आरशांच्या दांड्यांमध्ये दात धरून हलवून पाहिला. सळई घातली. "दोन, दोन, तीन. रक्त नाही." मग त्या एका दाताचा छोटा एक्स-रे. मुळाभोवती एक काळी बारीक रेघ असते, तो तंतूंचा पडदा. माझ्या त्या दाताभोवतीची रेघ जाडसर दिसत होती. पडदा रुंदावलाय, म्हणून हलतोय, दात चालत असताना हे अपेक्षित असतं. काळजीचं कधी, तर फट खोल होत गेली, रक्त आलं किंवा मूळ टोकाकडून झिजताना दिसलं तर. माझ्या मुळाचं टोक शाबूत होतं. "पण जिभेने ढकलणं बंद करा," ते म्हणाले. "ट्रे एका दिशेला ढकलतोय, तुम्ही दुसऱ्या. त्याने कुणाचं ऐकायचं?" त्या दातासाठी त्यांनी चौदाचे एकवीस दिवस केले.

हे ऐकूनही पुढे मी माती खाल्लीच. गौरी-गणपतीत. घरी गौरी बसतात, पाहुणे, नैवेद्य, पुरणाचा घाट, आल्यागेल्याबरोबर प्रसाद. ट्रे डबीत आणि डबी फ्रिजवर. सहा दिवस मी तो दिवसाला जेमतेम बारा तास घातला असेल, तोही झोपेत. विसर्जनानंतर तारीख आली होती म्हणून पुढचा ट्रे काढून दाबला. तो बसला नाही. डावीकडे ट्रेची कड आणि दाताचं टोक यांच्यामध्ये नखभर मोकळी फट, आणि कळ अशी की कानापर्यंत. मी आणखी जोरात चावून बसवायचा प्रयत्न केला, आणि हे लिहिताना लाज वाटते.

डॉक्टर पहिल्यांदाच रागावले. वेळ वाया गेल्याबद्दल नाही. दिवसा दात मागे, रात्री पुढे, असं सहा दिवस झोके दिले होते मी त्याला, आणि आधीच पातळ हाडाला हे झोके फार वाईट. कुंपणाचा खांब उपटायचा असला की आपण तो असाच मागेपुढे हलवतो. मागचा ट्रे दहा दिवस पुन्हा, मग पुढचा.

शेवटाकडे आणखी एक गोष्ट उघडी पडली, जी कुठल्याच व्हिडिओत नव्हती, मॉलवाल्यांच्याही आणि डॉक्टरांच्याही. खालचे मधले दोन दात सरळ झाले आणि त्यांच्यामध्ये हिरडीपाशी काळा त्रिकोण दिसायला लागला. छोटासा, पण आरशात आधी तोच दिसायचा. दात एकमेकांवर चढलेले असताना ती जागा झाकलेली होती. हिरडीचं ते मधलं टोक हाडाच्या आधाराने वर येतं. डॉक्टरांनी १९९२ सालचं एक मोजमाप सांगितलं: दोन दात जिथे एकमेकांना टेकतात तिथपासून हाडापर्यंतचं अंतर पाच मिलिमीटर किंवा कमी असलं तर हिरडी ती जागा जवळजवळ नेहमी भरून काढते. सहा झालं की निम्म्याच्या थोडं वर लोकांत. सातला साधारण चारातल्या एकात. माझं सहाच्या पुढे होतं. माझं हाड तिथे आधीच उतरलेलं होतं, अलायनरने फक्त झाकण बाजूला केलं. दातांच्या कडा आणखी किंचित घासून त्यांनी टेकायची जागा खाली आणली, त्रिकोण अर्धा झाला. अर्धा आहे. शेंगदाण्याचं कूट आता तिथे जातं, पण ब्रशही जातो.

चोवीस ट्रे, मग डागडुजीचे नऊ, मध्ये लॅबची वाट बघणं. सगळे मिळून सतरा महिने. शेवटच्या दिवशी ठिपके घासून काढले आणि दातांवरून जीभ फिरवली तर दुसऱ्याचं तोंड वाटलं. खालच्या सहा दातांना मागून बारीक तार चिकटवली, म्हणजे शेवटी तार लागलीच, फक्त कुणाला दिसत नाही. त्याखेरीज रिटेनर, म्हणजे दात नव्या जागी धरून ठेवणारा साचा. तो आधी दिवसरात्र आणि नंतर कायम रात्री, कारण हिरडीतले ताणलेले तंतू नव्या जागेची सवय करून घ्यायला वर्षभर घेतात, तोवर दाताला जुन्या घरी ओढत राहतात.

मी डॉक्टरांना म्हटलं, पुन्हा सीबीसीटी काढू या ना, ती रेघ आता कशी आहे बघू. अलायनरच्या आधी आणि नंतर अशी चित्रं लावून पाहिलेल्या अभ्यासांत खालच्या पुढच्या दातांच्या मानेजवळचं हाड थोडं पातळ झालेलं आढळतं हे मी वाचून गेले होते. ते नाही म्हणाले. "बघून मी काय वेगळं करणार? दात घट्ट झालाय, हिरडी जागेवर आहे, रक्त नाही. नुसत्या कुतूहलापोटी तुमच्या डोक्याभोवती किरण फिरवायचे नाहीत." मग सळई घेतली आणि त्या डावीकडच्या दाताचे आकडे मोठ्याने सांगितले. दोन, दोन, दोन. हिरड्यांच्या डॉक्टरांकडे दर चार महिन्यांनी जायचं ते वेगळंच.

आई सध्या आमच्याकडे आहे. रात्री बेसिनपाशी आम्ही दोघी एकदमच असतो. ती कवळी काढून वाटीतल्या पाण्यात टाकते, मी डबीतून रिटेनर काढून तोंडात बसवते. परवा आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "बरंय बाई तुझं. तुझं रात्री घालायचं, माझं रात्री काढायचं."